नऊ दिवस, एक राजधानी आणि हवा तेवढा समुद्र

तर मंडळी, झालं असं की माझ्या रूमीनं नोकरी सोडली.

रूमी म्हणजे माझी हॉस्टेलची रूम पार्टनर. मी मास कॉमला, ती कम्प्युटर्सला. खोली एक, बादली एक, मॅगीचं पातेलंही एकच. कॉलेज सुटलं आणि ती हिंजवडीला लागली, मी फ्रीलान्सिंगला. तेव्हापासून 'एकदा कुठेतरी मस्त जाऊया यार' हे वाक्य आम्ही महिन्यातून एकदा तरी म्हणतो. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत अलिबाग दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा कॅन्सल झालं. कारण काय, तर तिच्याकडे सुट्ट्या आहेत पण घेता येत नाहीत. आणि मला सुट्टी नाकारणारा बॉस नाही, पण सुट्टीचे पैसे देणाराही कुणी नाही. थोडक्यात, दोघींची बोंब सारखीच.

पण या वेळी चमत्कार झाला. जुन्या कंपनीतला तिचा शेवटचा दिवस मार्चमधला एक शुक्रवार. नवीन ठिकाणी जॉइनिंग त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी. मध्ये पूर्ण नऊ दिवस. ना जुना मॅनेजर, ना नवा. नोकरदार माणसाच्या आयुष्यात असे नऊ दिवस किती वेळा येतात सांगा?

'व्हिएतनाम,' मी म्हटलं. 'समुद्र,' ती म्हणाली. आणि आमचं भांडण सुरू झालं.

एक्सेल शीट विरुद्ध चटई

मला हवी होती जुनी राजधानी. किल्ले, थडगी, देवळं, गल्ल्या. माझी एक्सेल शीट तयार होती, तासातासाचा हिशोब असलेली. रूमीनं ती उघडली, अर्धा मिनिट बघितली आणि म्हणाली, 'अगं, ही तर स्प्रिंट प्लॅनिंगची शीट आहे. मला काही बघायचंच नाहीये. मला चटईवर पडून लाटा ऐकायच्यात.'

हे ती हसत म्हणाली खरी. पण गेल्या डिसेंबरमध्ये ऑफिसच्या वॉशरूममधून तिचा मला फोन आला होता. पाच मिनिटं ती काहीच बोलली नव्हती, मी आपली इकडून 'हॅलो, हॅलो' करत होते. तेव्हा चटईची गरज मला कळत होती. फक्त माझी राजधानीही सुटत नव्हती.

मग नकाशा उघडला आणि कोडं सुटलं. व्हिएतनामच्या बरोबर मध्यावर सगळं एका ओळीत मांडून ठेवलंय. वर ह्वे, म्हणजे जुनी राजधानी. (स्पेलिंग बघून मी महिनाभर 'ह्यू' म्हणत होते. उच्चार 'ह्वे'च्या जवळचा, बरं का.) तिथून रेल्वेनं सुमारे १०३ किलोमीटर खाली दा नांग, म्हणजे लांबच लांब बीच. आणि दा नांगहून तासाभराच्या आत होई आन, कंदिलांचं जुनं बंदर. राजधानी, घाट, समुद्र, बंदर. नऊ दिवसांत आरामात बसतं. फंडा एकच. ह्वेला उतरायचं आणि दा नांगहून निघायचं. आलेल्या रस्त्यानं परत जाण्यात दिवस घालवायचा नाही. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटी गाठायची आणि तिथून देशांतर्गत विमानानं ह्वे.

बरं झालं, दिवाळी हुकली!

खरं सांगायचं तर मूळ प्लॅन दिवाळीचा होता. आपल्याकडे सलग सुट्टी मिळते ती तेव्हाच. तो फिसकटला तेव्हा आम्ही जाम वैतागलो होतो. नंतर जरा अभ्यास केल्यावर दोघींनी देवाला हात जोडले.

व्हिएतनाम हा उभा, चिंचोळा देश. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत हजार मैलांच्या आसपास. त्यामुळे 'व्हिएतनामचं हवामान' असं काही नसतंच. मध्य व्हिएतनामचा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कहर. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीला ह्वे आणि होई आन, दोन्ही गावं पुरात बुडाली होती. गल्ल्यांमधून होड्या चालत होत्या. म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी! फेब्रुवारीअखेरपासून ऑगस्टपर्यंत मात्र कोरडं. जून-जुलैमध्ये ऊन चटके देतं, म्हणून मार्च-एप्रिल सगळ्यात सही. फक्त 'तेत' टाळायचा. हा त्यांचा नववर्षाचा सण, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. तेव्हा अख्खा देश गावी जातो, दुकानं बंद आणि तिकिटं गायब. आपल्या गणपतीतली कोकण रेल्वे आठवा, म्हणजे कळेल.

राजाचा फार्महाउस आणि मजुरांचा ओव्हरटाइम

आता ह्वे. १८०२ ते १९४५ ही न्ग्वेन घराण्याची राजधानी. सुगंधी नदी असं सुंदर नाव असलेल्या नदीच्या काठी तटबंदीचं शहर, त्याच्या आत राजनगरी आणि तिच्याही आत राजाचं खासगी, निषिद्ध शहर. १९९३मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. ३० ऑगस्ट १९४५ला शेवटचा सम्राट बाओ दाय यानं इथल्याच दरवाजावर गादी सोडली.

पण तिथे जाऊन राजस्थानसारखे शाबूत महाल शोधू नका. १९४७च्या लढाईत बरंच जळलं. उरलेल्याची वाट १९६८मध्ये लागली. त्या वर्षी तेतच्या सणातच कम्युनिस्ट फौजांनी शहर घेतलं आणि अमेरिकन-दक्षिण व्हिएतनामी फौजांना ते परत मिळवायला जवळपास महिना लागला. घराघरातून लढाई झाली. हजारो नागरिक मेले, काही युद्धात, काही कत्तलीत. आज निषिद्ध शहरात बऱ्याच ठिकाणी नुसती जोती आणि गवत आहे. काही वास्तू मात्र पुन्हा उभ्या राहिल्यात. थाय होआ हा सिंहासनाचा महाल मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४मध्ये खुला झाला.

माझा सगळ्यात आवडता किस्सा तू दुक राजाचा. या राजानं जिवंतपणीच स्वतःसाठी समाधीचं संकुल बांधून घेतलं, १८६४ ते १८६७मध्ये. पाइनची झाडं, कमळांचं तळं, तळ्यावर मंडप. आणि मरेपर्यंत तो तिथे सुट्टीला जायचा! कविता करायचा. शंभरावर बायका, पण मूल नाही. म्हणून मुलानं लिहायचा असतो तो समाधिलेखही यानंच लिहिला आणि त्यात आपल्या चुका कबूल केल्या. बांधकामावर मजुरांना इतकं राबवलं की १८६६मध्ये त्यांनी उठाव केला. हातात हत्यार काय, तर चुना कुटायची मुसळं.

हे मी रूमीला रंगवून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, 'म्हणजे एकाच्या वर्क-लाइफ बॅलन्ससाठी बाकीच्यांचा ओव्हरटाइम. सेम टु सेम आहे गं.'

मग तू दुक शीटमध्ये राहिला. तिच्याच आग्रहानं.

डावीकडची खिडकी

ह्वे ते दा नांग हा आमच्या तहाचा भाग. इथे समुद्र आणि इतिहास एकाच खिडकीतून दिसतात.

मध्ये आहे हाय वान घाट. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. घाटाचा रस्ता सुमारे २१ किलोमीटर, माथा ४९६ मीटरवर. २००५मध्ये खालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला, तेव्हापासून बस आणि ट्रक बोगद्यातून सुसाट जातात. म्हणून बसनं गेलात तर दिसणार काय? अंधार! रेल्वे मात्र अजूनही डोंगराच्या कडेकडेनं, समुद्राला चिकटून जाते. अडीच ते तीन तास लागतात, लागू देत. ह्वेहून खाली जाताना डावीकडची खिडकी मागा. वाटेत लांग कोची निळी खाडी दिसते.

हा घाट म्हणजे तिथला खंडाळा. अलीकडे एक हवा, पलीकडे दुसरी. उत्तरेकडून येणारी थंड, ओलसर हवा डोंगर अडवतो, त्यामुळे ह्वेला रिमझिम असताना दा नांगला ऊन असू शकतं. आणि एके काळी ही सरहद्दही होती. वर व्हिएतनामी राज्य, खाली चंपा हे हिंदू राजांचं राज्य. १३०६मध्ये चंपाच्या राजानं व्हिएतनामी राजकन्येशी लग्न करताना घाटाच्या वरचा मुलूख देऊन टाकला. आजचं ह्वे त्याच मुलखात येतं. आपली मुंबई पोर्तुगालनं १६६१च्या करारात राजकन्येबरोबर हुंड्यात दिली, इथे उलटं, नवरदेवानंच जमीन मोजली.

स्कूटरवरून घाट चढायची हौस असेल तर स्वतः चालवू नका. भारतातलं इंटरनॅशनल परमिट तिथे चालत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. चालकासकट बाइक मिळते, तिच्या मागे बसा आणि फोटो काढा.

बाबांचा फॉरवर्ड

व्हिएतनामला चाललोय कळल्यावर बाबांनी तो फॉरवर्ड पाठवलाच. तुम्हालाही आला असेल. व्हिएतनामनं शिवाजी महाराजांचा अभ्यास करून अमेरिकेला हरवलं आणि तिथल्या नेत्याच्या समाधीवर 'शिवाजीचा मावळा' असं कोरलंय, तो. बाबांना सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. हो ची मिन्ह यांची समाधी हनोईत आहे आणि तिच्या दर्शनी भागावर फक्त 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढंच लिहिलंय.

बाबा जरा हिरमुसले. मग त्यांना खरं नातं पाठवलं. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत 'मी सन' आहे. चंपाच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली विटांची देवळं. देव कोण? भद्रेश्वर, म्हणजे आपला शंकर. शिलालेख संस्कृतमध्ये. १९६९मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात इथलं सगळ्यात देखणं देऊळ कोसळलं. आणि गेल्या काही वर्षांत इथल्या देवळांची डागडुजी करायला भारताच्या पुरातत्त्व खात्याची माणसं गेली होती. २०२०मध्ये त्या कामात एकसंध वालुकाश्माचं, नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं.

बाबांचा रिप्लाय आला : 'फोटो पाठव. स्पष्ट काढ.'

कंदील, नोटा आणि 'चाय'

होई आनचं जुनं बंदर पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकातलं. जपानी, चिनी व्यापाऱ्यांची घरं, गोदामं, सभागृहं. पुढे नदी गाळानं भरली, व्यापार दा नांगला गेला आणि गाव तसंच राहिलं. इथला छप्पर असलेला जपानी पूल तिथल्या वीस हजारांच्या नोटेवर आहे. घाबरू नका, वीस हजार डाँग म्हणजे जेमतेम सत्तर रुपये. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग पडतात. साडेतीन हजार रुपयांत आपण दशलक्षाधीश! फक्त एक सांभाळा, वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. अंधारात गडबड झाली तर लिंबूपाणी सोळाशे रुपयांना पडेल.

चांद्रमहिन्याच्या चौदाव्या रात्री होई आनमध्ये विजेचे दिवे कमी करतात आणि कंदील लावतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पौर्णिमा बघितली, तिच्या आदल्या रात्रीचं गणित केलं. आमच्या तारखांत बसत नाही. चालायचंच. कंदील एरवीही असतात.

रूमी शाकाहारी. तिथे माशाचा सॉस आपल्या मिठासारखा सगळीकडे पडतो, म्हणून नुसतं 'नो मीट' सांगून भागत नाही. जादूचा शब्द आहे 'चाय'. त्याचा अर्थ शाकाहारी! आणि चहाला म्हणतात 'चा'. (चहा मागायला जाऊन टोफू आला तर मला सांगू नका.) बौद्ध लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय' खातात, आपल्या चतुर्थी-एकादशीसारखं. ह्वेमध्ये मठांमुळे असं जेवण फार छान मिळतं. मीठ घातलेली कॉफीही ह्वेचीच. ती मी पिणार, रूमी तोंड वाकडं करणार.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. सरकारी साइटवरूनच भरा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे नको. आणि दोन आठवडे हाताशी ठेवा.

आणि मग तो फोन

व्हिसा आले. विमानाची तिकिटं रविवारी रात्री काढायची ठरली. शुक्रवारी रूमीला नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला. 'जॉइनिंग चार दिवस अलीकडे घेता येईल का? प्रोजेक्टला गरज आहे.'

आणि ही बाई म्हणाली, 'बघते.'

'बघते?' मी ओरडलेच. 'अगं, नऊचे पाच होतात!'

'पहिलंच इम्प्रेशन आहे यार. नाही कसं म्हणू? राजधानी काढ शीटमधून, नुसता समुद्र ठेव. होईल पाच दिवसांत.'

मी चिडून गप्प बसले. शीट उघडी होती, म्हणून उगाच दा नांगच्या बीचची ओळ वाचत होते. मी के नावाचा मोठा बीच आहे तिथे. तिथे माझ्या कॉलममध्ये टाकायला म्हणून एक नोंद केली होती, ती मोठ्यानं वाचली. ८ मार्च १९६५ला अमेरिकेचे सुमारे ३,५०० मरीन्स दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि युद्धात अमेरिकेची पायदळं शिरली. पुढे मी केच्या याच वाळूवर सैनिकांना सुट्टीला पाठवत. ते या पट्ट्याला 'चायना बीच' म्हणत. दोन-चार दिवस समुद्र, सर्फिंग, बिअर. मग परत लढाईवर.

'म्हणजे,' रूमी जरा वेळानं म्हणाली, 'माणूस परत कामाला लागावा एवढीच दुरुस्ती.'

मी काही बोलले नाही. तीही नाही. तिनं रिक्षा बोलावली आणि घरी गेली.

शनिवारी सकाळी साडेसातला तिचा स्क्रीनशॉट आला. एचआरला मेल : 'ठरल्याप्रमाणे सोमवारीच जॉइन होईन.' दोनच ओळी. खाली एचआरचं उत्तर, त्याहून लहान : 'शुअर, नो इश्यूज.'

नो इश्यूज! सहा वर्षं आम्ही ज्याला घाबरत होतो ते उत्तर हे असं होतं. प्रत्येक वेळी असंच येईल असं मी म्हणत नाही. रूमीची आधीची कंपनी असती तर नसतंच आलं, हे तीही जाणते. पण विचारलंच नाही तर कळणार कसं?

मग तिनं फोन केला. मी कौतुक करायच्या तयारीत होते. ती म्हणाली, 'आता तुझं बोल. शीटमध्ये सहाव्या दिवशी 'दुपारी २ ते ५, काम' असं काय लिहिलंय?'

पकडली गेले. दोन लेख द्यायचे होते, लॅपटॉप सॅकमध्ये आधीच गेला होता. फ्रीलान्सरला कुणी जॉइनिंग अलीकडे घ्यायला सांगत नाही, तो स्वतःच स्वतःला सांगतो. गेल्या चार वर्षांत मी एकही दिवस लॅपटॉप न उघडता घालवला नाही, हे तिनं विचारेपर्यंत माझ्या लक्षातही नव्हतं.

तर मंडळी, तिकिटं निघाली आहेत. तीन रात्री ह्वे, दोन दा नांग, दोन होई आन, उरलेल्या प्रवासात. शीटमधल्या सहाव्या दिवसापुढे आता फक्त 'चटई' असं लिहिलंय. दोघींची. लॅपटॉप आईकडे राहतोय. हा कॉलम मी निघण्याआधी लिहून दिलाय आणि पुढच्या आठवड्यात या जागी मी नसेन.

संपादकांना विचारलं होतं. तेही 'चालेल' म्हणाले.